दिपकच्या बेसची दांडी

दिनांक १८ फेब्रुवारी २०२४. ठिकाण मंद्रूपच्या पुढची एक वस्ती. वेळ दिवेलागणीची. जीव दोन.

पहिला दिपक शिवशरण, वय एकेचाळीस, राहणार बुधवार पेठ, सोलापूर. गायन पार्टीत बेस गिटार वाजवणारा आणि गाणारा. दुसरा कल्लप्पा, वय चौपन्न, मूळचा मैंदर्गीचा, त्याच पार्टीतला ढोलकीवाला. रमाई जयंतीचा कार्यक्रम होता. मंचावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेब व रमाई यांच्या तसबिरी होत्या, म्हणून रिवाजाप्रमाणे सारे कलावंत चपला खाली काढून वर चढले होते. धूळ बसावी म्हणून दुपारी टँकरने पाणी मारले होते. मंचावरची सतरंजी ओली होती. दिपकने तारांवर हात ठेवला आणि पहिली ओळ उचलण्यासाठी ओठ माइकला नेले. ओठ तिथेच राहिले. कल्लप्पाने ढोलकी टाकून त्याचा दंड धरला, आणि तोही तिथेच राहिला.

तिसरा माणूस कडेला, अॅम्पच्या पेटीशेजारी उभा होता. त्याने मांडवाचा बांबू उपटून गिटारवर हाणला. गिटारचे पोट फुटले, दोघे सुटून पडले, पण पडताना त्यांच्यात काही उरले नव्हते. या तिसऱ्या माणसाचे नाव धर्मपाल तळभंडारे. पंचनाम्यात मेलेल्यांना मिळून दीड पान मिळाले. त्याच्या वाट्याला एक ओळ आली: ‘प्रसंगावधान राखून बांबूने प्रहार केला.’ ती ओळ खोटी नव्हती. म्हणूनच ती त्याला वर्षभर झोपू देत नव्हती.

धर्मपाल शिकलेला वायरमन. आयटीआयची दोन वर्षे त्याने रोज चार मैल सायकल मारून पूर्ण केली, काही काळ चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात काढला, आणि मग पेठेत मिक्सर, पंखे, अॅम्प दुरुस्त करण्याचे आठ फुटी दुकान टाकले. दिपक त्याचा बालमित्र. पार्टीची वायरिंग, माइक, पेट्या हे सारे धर्मपालकडे असे. मानधन नव्हते, कार्यक्रमानंतरचे जेवण आणि परतीच्या टेम्पोतली पुढची जागा एवढाच त्याचा मान.

दिपकची बेस गिटार स्वस्तातली होती, आणि ती घरघरत असे. त्या दिवशी तर दोन वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतल्यामुळे घरघर इतकी वाढली की कल्लप्पाने ढोलकीच्या दोऱ्या कसता कसता हाळी दिली, “धर्मा, तुझ्या पेटीत म्हैस बसलीय काय रे? रवंथ ऐकू यायलंय!” मंच हसला. धर्मपालही हसला. घरघर कशी घालवायची हे त्याला ठाऊक होते, आणि मांडवातल्या प्रत्येकालाच ठाऊक असते: अॅम्पच्या प्लगला तीन पिना असतात, त्यांतली वरची जाड पिन जमिनीची. ती पक्कडीने पिरगाळून काढली की आवाज स्वच्छ होतो. ती पिन कशासाठी असते हेही त्याला ठाऊक होते. आयटीआयच्या परीक्षेत त्याने त्यावर दहा मार्कांचे उत्तर लिहिले होते. पेटीच्या धातूत वीज उतरली तर ती जमिनीत जावी, माणसात जाऊ नये, एवढेच त्या पिनेचे काम. त्याने पक्कड काढली, पिन पिरगाळली आणि खिशात टाकली. आवाज स्वच्छ झाला. दिपकने त्याच्याकडे पाहून अंगठा उंचावला.

वीस मिनिटांनी पेटीत वीज उतरली.

पोलिस यायच्या आत धर्मपालने पेटी टेम्पोत चढवली. लपवायची म्हणून चढवली, की रोजची सवय म्हणून, हे त्याला स्वतःलाही निश्चित सांगता आले नसते. जप्त झाले ते बोर्ड, आणि शिवप्पाच्या घरातून ओढलेली वायर. शिवप्पा हा वस्तीवरचा मेंढपाळ. कार्यक्रमाला मीटर मिळेना तेव्हा त्याने आपल्या घरातून, आपण होऊन, वीज दिली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. जोडणी अनधिकृत होती, असे कारण देऊन दोन्ही मृतांच्या घरांचे भरपाईचे अर्ज परत आले.

आपल्याकडे दोष नेहमी जवळात जवळच्या गरिबावर जाऊन बसतो. त्याला तिथवर कुणी ढकलत न्यावे लागत नाही, कुणी अडवले नाही म्हणजे पुरते. धर्मपालने अडवले नाही.

जून महिन्यात कोर्टाच्या तारखेला आलेला शिवप्पा त्याच्या दुकानाच्या पायरीवर टेकला. पाणी मागितले, प्यायला, पटक्याच्या शेवाने तोंड पुसले.

“तुमी वायरमन हाय,” तो म्हणाला. “तुमीच सांगा की मला. माज्या वायरीत काय खोट हुती?”

धर्मपालच्या हातात उघडा पंखा होता. “वायर जुनी होती, मामा.”

“जुनी हुती व्हय.” शिवप्पाने मान हलवली. “त्याच वायरीवर आमचा दिवा जळतोय अजून. नातवंडं निजत्यात खाली. काडून टाकू का?”

“काढून टाका.”

शिवप्पा उठून गेला. वायर नवी होती, हे धर्मपालने त्या संध्याकाळी स्वतःच्या बोटांनी पाहिले होते.

त्यानंतर त्याची भीती शरीरात उतरली. घरातही तो रबरी चप्पल काढेना. बायकोला वाटले टाच दुखते. दिवा लावायचा तर तो लाकडी चमच्याने बटण दाबी. अॅम्प आले की ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून परत पाठवी. गिऱ्हाइके हसत. “अहो वायरमन, शॉकला भ्यायलाय व्हय?” असे कुणी म्हटले की तोही हसे, आणि हसताना खिशातला हात मुठीत आवळलेला असे. पिन त्याने स्क्रूंच्या डब्यात तळाशी ठेवली होती. डबा रोज लागे, म्हणून ती रोज हाताला लागे.

जानेवारीत केसरबाई आली. दिपकची आई, महापालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेली, ताठ पाठीची बाई. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले काही लांबडे होते. तिने ते काउंटरवर सोडले. गिटारची दांडी होती. पोरे जिला नेक म्हणतात ती. वर चार खुंट्या, पट्ट्या गंजलेल्या, आणि तिसऱ्या पट्टीजवळ नखाएवढा काळा डाग.

धर्मपालचे हात आपोआप मागे गेले.

“पोट घाल ह्येला,” केसरबाई म्हणाली.

“मावशी, नवीन घेऊ की. सहा-सात हजारात येते आता.”

“नवीन न्हाय पाहिजे. पोट फुटलंय, दांडी शाबूत हाय. मागं बघ, त्येच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालंय तितं. त्येच्या पोरीचा, साक्षीचा, अंगठा बरोबर तितंच बसतो. मला दावलं पोरीनं.” ती थांबली. “पुढल्या म्हैन्यात अठराला वर्ष हुतंय. विहारात पुण्यानुमोदन ठिवलंय. पोरगी वाजवणार हाय. गाणार बी हाय.”

“गाणार?” धर्मपालचा आवाज चिरकला. “वाजवता वाजवता?”

“मग? बाप काय येगळं करत हुता?”

नाही म्हणायला तोंड उघडले तर कारण विचारले जाईल, या भीतीने तो हो म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्यापुढे एकच गोष्ट उरली: सतरा वर्षांची एक मुलगी अनवाणी उभी राहील, तारांवर हात ठेवील, आणि ओठ माइकला नेईल, आणि ते वाद्य त्याने बांधलेले असेल.

पोटासाठी लाकूड भीमाशंकर सुताराने दिले. मोडीत निघालेल्या एका हातमागाची सागवानी तुळई त्याच्या वखारीत पडून होती. “ह्या लाकडानं चाळीस वर्षं धोट्याचे दणके खाल्ल्यात,” तो म्हणाला, “तुज्या चार तारा काय ओढणार त्येला?” दांडी वर्षभर भिंतीला टेकून उन्हाळा सोसल्याने किंचित वाकली होती. अशा दांडीच्या आतून लोखंडी सळी जाते. खालचा नट पिळला की दांडी सरळ होते, जास्त पिळला की तडकते. धर्मपाल रोज सकाळी नट पाव फेरा पिळी आणि कान लावून ऐके. लाकूड एकदा ‘कट’ असे वाजले, तेव्हा त्याच्या हातातून चावी पडली.

दांडी पोटात बसवायची खाच इतकी घट्ट हवी होती की मध्ये कागदही जाऊ नये. जुनी स्क्रूंची भोके सैल झाली होती. ती सरस आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली, आणि नवी पाडली. वरच्या खाचेपासून बाराव्या पट्टीपर्यंत सतरा इंच भरले, म्हणजे तारा जिथे अडकतात तो ब्रिज तिथून पुढे आणखी बरोबर सतरा इंचांवर हवा. धर्मपालने तीनदा मोजले, चौथ्यांदा भीमाशंकरला मोजायला लावले.

“अर्धं सूत हिकडं-तिकडं झालं तर काय आभाळ कोसळतंय व्हय?”

“सूर जातो.”

“सूराचं भ्या न्हाय तुला,” भीमाशंकर पट्टी बाजूला ठेवत म्हणाला. “आठ दिस बघतोय मी. लाकूड घासतोस, स्क्रू पिळतोस, पर वायर हातात घेईना झालास. करंटचं नाव बी घेत न्हाईस, सवाष्णीनं नवऱ्याचं घेऊ ने तसं!”

धर्मपालने पट्टी उचलून पाचव्यांदा मोजले. त्याला घालायची राहिली होती ती एकच वायर. ब्रिजपासून निघून ती वाद्याच्या पोटातून अॅम्पच्या धातूच्या पेटीला जाऊन मिळते. ती असली की वाजवणाऱ्याचा हात तारांवर पडताच घरघर थांबते. आणि ती असली की पेटीत उतरलेली वीज थेट तारांत येते. दिपकच्या तळहातात ती याच वाटेने गेली होती.

त्याने वायर न घालताच वाद्य बंद केले. साक्षी पाहायला आली. बारावीतली मुलगी, बापासारखी रुंद बोटे. तिने दांडी हातात घेतली, अंगठा मागच्या गुळगुळीत जागी टेकवला आणि काही क्षण डोळे मिटून नुसती उभी राहिली. मग भीमाशंकरच्या छोट्या, सेलवर चालणाऱ्या स्पीकरला जोडून एक तार छेडली. आवाज भरीव आला, पण त्याच्याखाली घरघर होती.

“काका, घरघरतंय.”

“घरघरू दे.”

“असं कसं? बाबा म्हणायचे, धर्माकाका घरघर दोन मिनटात घालवतो.”

ती सहज बोलली होती. धर्मपालला खाली बसावे लागले. भीमाशंकरने पाणी आणले आणि या खेपेला थट्टा केली नाही.

बसल्या जागी त्याला एक गोष्ट दिसली. वायर न घालून तो साक्षीला वाचवत नव्हता. स्वतःला वाचवत होता. उद्या दुसऱ्या कोणत्यातरी मांडवात कोणीतरी मदतीला येईल, वाद्य उघडील, ती वायर जोडील, आणि घरघर राहिलीच तर पक्कड काढील. धोका वाद्यात नव्हता. तो त्या जागेत होता जिथे तिसरी पिन जमिनीला पोहोचत नव्हती. आणि ती जागा त्याच्यासारख्या जाणत्या माणसांनी, आवाज स्वच्छ हवा म्हणून, हाताने तयार केली होती.

त्याने वाद्य उघडून वायर जोडली. झाळणीचा थेंब दोनदा भलतीकडेच पडला.

मग तो विहारात गेला. प्लगच्या खाचेत वरचे भोक होते, पण उघडून पाहिले तर मागे वायरच नव्हती. बारा वर्षे त्या भोकात लोक तिसरी पिन घालत होते आणि ती कोठेही पोहोचत नव्हती. त्याने विहारामागे पुरुषभर खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर देऊन पाणी सोडले, जाड तार आत नेली. वीज गळताच आपोआप तुटणारे स्विच बोर्डात बसवले. विहारातल्या अॅम्पच्या प्लगला नवा, तीन पिनांचा माथा लावला. बल्बचे एक टोक जमिनीच्या तारेला लावून परीक्षा घेतली. बल्ब लुकलुकला आणि स्विच खटकन तुटले. हिशेबाने जागा आता सुरक्षित होती.

पण त्याच हिशेबाने तो त्या फेब्रुवारीतही जाणता होता. म्हणून सोळा तारखेला दुपारी, विहार रिकामा असताना, त्याने दोन बादल्या पाणी फरशीवर ओतले. चप्पल दाराबाहेर काढली. कित्येक महिन्यांत त्याचे तळवे पहिल्यांदा जमिनीला लागले. गारवा पोटऱ्यांपर्यंत चढला. वाद्य गळ्यात अडकवले. अॅम्प चालू केला, माइक चालू केला. आता तारांवर हात ठेवायचा होता.

हात पुढे जाईना. छातीत ढोलकी वाजत होती, कल्लप्पाची. त्याला वाटले, आपण मेलो तर बरे, सगळे फिटेल. लगेच कळले की फिटणार नाही. शिवप्पाला ते कधी कळणारच नाही. मग जगण्याची भीती मरण्याच्या भीतीहून मोठी झाली, आणि तेवढ्या अवधीत त्याने तारा मुठीत धरल्या आणि ओठ माइकच्या थंड जाळीला लावले.

काही झाले नाही. त्याचा श्वास तेवढा विहारभर मोठा होऊन घुमला.

“धर्मा!”

दारात केसरबाई, हातात केरसुणी. तिने ओली फरशी पाहिली, त्याचे अनवाणी पाय पाहिले, तारांवरची मूठ पाहिली. “येड लागलंय का तुला? कशापायी हे?”

त्याने वाद्य उतरवून कोरड्या जागी ठेवले. सकाळी डब्यातून खिशात टाकलेली पितळी पिन काढून तिच्यापुढे धरली. सांगायला चार वाक्ये पुरली. घरघर, कल्लप्पाची हाळी, पक्कड, पेटी टेम्पोत चढवणे. सांगताना तो तिच्या तोंडाकडे न पाहता केरसुणीकडे पाहत राहिला.

केसरबाईने पिन हातात घेतली, उलटीपालटी केली, जणू हिच्याएवढ्या लहान वस्तूत तेवढे मावते कसे हे तिला पाहायचे होते.

“शिवप्पाला म्हाईत हाय?”

“नाही.”

“तुज्या दारात बसून पाणी पिऊन गेलता म्हणं तो.”

“हो.”

“मग मला का सांगतोस? मी जज्ज हाय का?” तिने पिन त्याच्या हातात परत दाबली, नखे रुतली इतक्या जोराने. “ज्येच्यावर घातलंय त्येच्यावरनं उतरव. माजं काय ते मी बघीन. आन् फरशी पूस. ओली ठिवून जाऊ नकोस.”

त्याने फरशी पुसली. ती बाहेर पायरीवर पाठ करून बसली होती. तिची पाठ हलत होती की काय, हे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

अठरा तारखेला विहार भरला. कल्लप्पाची बायको मैंदर्गीहून आली होती. वंदना झाली. साक्षी वाद्य घेऊन उभी राहिली, अनवाणी. समोर मूर्ती होती आणि चप्पल घाल म्हणणे धर्मपालच्या जिभेवर येऊन अडले होते. तेवढ्यात केसरबाई उठली. तिने घरून आणलेला लाकडी पाट, ज्यावर बसून दिपक जेवत असे, नातीच्या पायांशी ठेवला.

“ह्येच्यावर उबी ऱ्हा.”

“आज्जे, सगळ्यात उंच दिसंन की मी!”

“दिसू दे.”

माणसे हसली. धर्मपाल बोर्डाजवळ उभा होता, बोट स्विचवर, डोळे मुलीच्या ओठांवर. ओठ माइकपाशी गेले. त्याने श्वास धरला. तिने गायला सुरुवात केली. आवाज बापाचा नव्हता, तिचाच होता, जरा कापरा. खाली जुन्या दांडीचा खर्ज संथ चालला होता. घरघर नव्हती. सहा मिनिटे ती गात होती, आणि सहा मिनिटे त्याचे बोट स्विचवरून हलले नाही. गाणे संपले तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. लोक रडत होते. त्याला रडू आले नाही. भीती गेली नव्हती. ती आता फक्त नेमकी झाली होती: तिला एक पत्ता होता, आणि तो मंद्रूपच्या रस्त्यावर होता.

दुसऱ्या दिवशी तो आधी शिवप्पाच्या वस्तीवर गेला. शिवप्पाने सगळे ऐकले. मेंढरांकडे पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, “वायर काडली मी. पोरं आठ म्हैनं अंधारात निजली.” धर्मपालने ती नवी ओढून देतो म्हटले. शिवप्पा म्हणाला, “दुसऱ्याकडनं वडून घीन.”

तिथून तो पोलिस ठाण्यात गेला. पिन टेबलावर ठेवली. जबाब लिहून घ्यायला अडीच तास लागले. दुकानात ठेवलेली ती जुनी पेटीही जमा झाली. आता आरोपींत त्याचेही नाव आहे. दुकान चालू आहे, गिऱ्हाइके कमी आहेत. पार्टीच्या कार्यक्रमांना तो अजून जातो, न बोलावता. आधी जमिनीची तार पाहतो, मग दूर उभा राहतो. केसरबाई त्याच्याशी कामापुरते बोलते.

शिवप्पाच्या तारखा चालूच आहेत. त्याचे नाव अजून वगळलेले नाही. दिपक शिवशरण आणि कल्लप्पा यांच्या मृत्यूची भरपाई आजतागायत कोणीही दिलेली नाही.